वाकलं की बरं वाटतं

शिवणकाम करणाऱ्या बाईला माणसाची पाठ डॉक्टरच्या आधी दिसते. नागपूरच्या सक्करदऱ्याला माझं दुकान आहे. त्याच त्या बायका वर्षानुवर्षं येतात, त्यांची मापं वहीत लिहिलेली असतात, त्यामुळे कुणाचं काय बदललं ते माझ्यापासून लपत नाही. पन्नाशीत घेर वाढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. साठीच्या अलीकडे-पलीकडे मात्र ब्लाउजची मागची उंची वाढायला लागते आणि पुढची कमी होते. बाई पुढे झुकली की मागे कापड पुरत नाही, पुढे चुण्या पडतात. मग आम्ही मागचा भाग अर्धा इंच लांब कापतो, पुढचा तेवढाच कमी करतो. कुर्त्याचा घेर एका अंगाला लोंबत असेल तर त्या बाजूची दुमड मोठी घालतो. अंगावर कपडा सरळ बसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि आतली पाठ वाकडी ती वाकडीच राहते.

माझ्या स्वतःच्या कुर्त्याचा घेर लोंबतोय हे आधी दुकानातल्या पोरीनं पाहिलं. "काकू, तुम्ही एका बाजूनं झुकून राहिल्या न," ती म्हणाली. तोवर कंबर दुखायला लागून बरीच वर्षं झाली होती. घरचे, शेजारणी, दवाखाने, सगळ्यांचं म्हणणं एकच: मणक्यात गॅप आलाय, वय झालं, वजन उचलू नका. गोळ्या, शेक, पट्टा. कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. पण मला उभं करून पाठ कुणी पाहिली नव्हती. जे एक्स-रे होते ते सगळे झोपवून काढलेले, तेही फक्त कंबरेचे.

माझ्या दुखण्याचं नाव डिजनरेटिव्ह स्कोलिओसिस. शाळकरी मुलींच्या पाठीला वाढीच्या वयात बाक येतो तो वेगळा. इथे तरुणपणी सरळ असलेला कणा पन्नाशीनंतर कंबरेत वाकतो. मणक्यांमधल्या गाद्या आणि मागचे छोटे सांधे एका बाजूनं जास्त झिजतात, मणका त्या बाजूला कलतो, कलला की भार आणखी तिथेच पडतो आणि झीज वाढते. कलता कलता मणका थोडा पिळलाही जातो, आणि कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी एक मणका दुसऱ्यावरून आडवा सरकलेला दिसतो. बाक अंशांत मोजतात. मोजायची पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितली, आजही तीच चालते. १० अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं.

हा शब्द रिपोर्टात वाचून हातपाय गाळू नका. २००५ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या, स्वतःहून तयार झालेल्या ७५ जणांचे एक्स-रे काढले, तर त्यातल्या ६८ टक्के लोकांचा बाक १० अंशांच्या वर निघाला. मंडळी आपापली हिंडती-फिरती होती. त्याच वर्षी ग्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे एक्स-रे आणि त्यांचं दुखणं ताडून पाहिलं. कणा बाजूला किती वाकला यापेक्षा धड पुढे किती झुकलं, यावर त्रास जास्त अवलंबून असतो, असं त्यांना दिसलं. मला हे वाचून माझी मापवही आठवली. लोंबणारा घेर डोळ्यांत भरतो, पण घात करते ती ब्लाउजची वाढलेली मागची उंची.

आणि हे पुढे झुकणं फार सुखाचं असतं. तिथेच सगळी गोम आहे.

बुधवार बाजारात थोडं चाललं की माझ्या पोटऱ्या भरून यायच्या, मांड्यांना मुंग्या यायच्या, पाय आपले नाहीतच असं व्हायचं. भाजीच्या ठेल्यावर दोन्ही हात टेकून वाकले की सगळं ओसरायचं. भाजीवाल्याला वाटायचं काकू वांगी निवडून राहिल्या. दुकानात मशीनवर तासन् तास बसले तरी पायांना काही नाही, पण कापायच्या टेबलाशी उभं राहणं नको व्हायचं. असं ज्याला होतं, त्याच्या कण्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते, हे आता मला कळतं. ताठ उभं राहिलं की ती वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी उघडते. काही लोकांना शंभर पावलं चालवत नाही, पण सायकल मैलभर चालवतात, त्यामागेही हेच आहे. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण ते दुखणं नुसतं उभं राहिल्यावरही थांबतं, त्याला वाकायला लागत नाही. एवढा फरक डॉक्टरला नीट सांगितला तर निम्मं निदान तिथेच होतं.

तर वाकलं की पाय बरे वाटतात. म्हणून माणूस वाकून चालतो, ओट्यावर कोपर टेकून पोळ्या लाटतो, देवळात खांबाला टेकतो. पण धड पुढे गेलं की डोकं, छाती, हात यांचं सगळं वजन कण्याच्या पुढे लटकतं, आणि ते मागून ओढून धरायचं काम पाठीच्या स्नायूंवर पडतं. त्यांना दिवसभर सुट्टी नाही. ते थकतात, थकले की धड आणखी पुढे जातं. मग शरीर दुसरीकडून तोल सांभाळतं: कमरेचं हाड मागे फिरवतं, गुडघे थोडे वाकवून ठेवतं. म्हणून अशा बायकांच्या मांड्या संध्याकाळी भरून येतात आणि त्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात. माझे गुडघे आधी तपासून झाले होते, पाठ मागाहून.

जपानमध्ये ताकेमित्सु नावाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अशाच वाकलेल्या कंबरांवर लिहिलं. त्यांच्याकडे शेतात वाकून आयुष्य काढलेल्या बायका येत. पुढे तिकडच्या डॉक्टरांनी एक खूण नोंदवली, ती वाचून मी चमकले: ओट्याला टेकून टेकून या बायकांच्या कोपरांची कातडी जाड आणि काळी होते. भंडारा-गोंदियाकडे रोवणीला जाणाऱ्या, इकडे निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचे कोपर कुणी पाहिलेत का? त्यांची कंबर वाकली की आपण 'म्हातारी झाली' म्हणून मोकळे होतो.

आता स्नायूंचं. पाठीच्या दोन्ही अंगांना, अगदी मणक्यांना चिकटून, खोलवर एक स्नायू असतो, मल्टिफिडस. एकेक मणका जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं. माझ्या एमआरआयची फिल्म फिजिओच्या मॅडमनी खिडकीला लावली आणि आडव्या कापाचं चित्र दाखवलं. त्यात स्नायू काळा दिसतो, चरबी पांढरी. एका बाजूला काळं बऱ्यापैकी शाबूत होतं. दुसऱ्या बाजूला, बाक जिकडून आत दबलाय तिकडे, काळ्यात पांढऱ्या रेघाच रेघा, सावजीकडच्या मटणाच्या तुकड्यात चरबी दिसते तशा. रिपोर्टात नसांबद्दल पानभर मजकूर होता. या पांढऱ्या रेघांवर अर्धी ओळही नव्हती. बाक आला म्हणून स्नायू सुकला की स्नायू सुकला म्हणून बाक वाढला, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. आत दबलेल्या बाजूला तो जास्त सुकतो, एवढं बऱ्याच जणांना आढळलंय. तुम्ही मात्र एमआरआय झाला की एवढं विचारा: "डॉक्टर, पाठीचे स्नायू कसे आहेत?" चित्र आधीच काढलेलं असतं, वेगळे पैसे पडत नाहीत.

दुखणं थांबलं म्हणजे स्नायू भरून आला, असंही समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदाच कंबर धरलेल्या लोकांचा हाच स्नायू सोनोग्राफीवर मोजला. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं गेलं होतं, पण ज्यांना त्या स्नायूचा खास व्यायाम दिला नव्हता त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही बारीकच राहिला. आपल्याकडे उसण भरली, चार दिवस पडून राहिलं, बरं वाटलं, विषय संपला, असं चालतं. दर वेळी थोडा स्नायू जातो आणि साठीत त्याचा हिशेब निघतो.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यायची रीत अजून गावोगाव आहे. तरण्या माणसाला फार काही होत नसेल. पण पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ असतील तर त्या लाथेनं मणका दबू शकतो. पाठीवर पाय देऊन केलेल्या मालिशीचंही तेच. तिळाचं तेल लावून हलक्या हातानं चोळून घ्या, बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. याहून वाईट त्या पुड्या. 'जडीबुटीचं औषध' म्हणून मिळणाऱ्या, दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. ते महिनोन् महिने पोटात गेलं तर हाडंही पोखरतं आणि स्नायूही खातं. म्हणजे ज्या दोन गोष्टी वाचवायच्या, नेमक्या त्याच. माझ्या ओळखीतली एक बाई अशाच पुड्यांवर होती. त्या काळात तिचा चेहरा गोल झाला, दंड बारीक झाले, आणि लोक म्हणत, तब्येत सुधारली.

पट्टा वाईट नाही. लग्नघरी दिवसभर उभं राहायचं असेल, एसटीचा लांबचा प्रवास असेल, तेव्हा बांधावा. सकाळी चढवून झोपताना काढायचा, असं मात्र नको.

मग तपासण्या कोणत्या? पहिली म्हणजे उभ्यानं काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे, मानेपासून मांडीच्या हाडाच्या खुब्यापर्यंत, पुढून एक आणि बाजूनं एक. गुडघे सरळ ठेवायचे आणि कशाला धरायचं नाही, नाहीतर शरीर आपलं वाकणं लपवतं. झोपून काढलेल्या चित्रात बाक कमी दिसतो, आणि एमआरआयही झोपवूनच होतो. नसा आणि स्नायू एमआरआयमध्ये बघायचे, तोल एक्स-रेमध्ये. दुसरी, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात आणि त्यावर औषधं आहेत. तिसरी, रक्तातलं ड जीवनसत्त्व. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून आपल्याला ड ची काय कमी, असं वाटतं. पण आपण उन्हाला भिऊन भल्या पहाटे फिरतो, आणि कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. डिसेंबर-जानेवारीत अकराच्या उन्हात हातपाय उघडे टाकून गच्चीवर बसा. उन्हाळ्यात त्या वेळी बसायचा हट्ट नको, डॉक्टरनी सांगितलेली मात्रा घ्या.

घरी करायच्या दोन गोष्टी. टाचा भिंतीला लावून, गुडघे सरळ ठेवून, हनुवटी वर न करता उभ्या राहा. डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागतो का ते बघा; नाही लागला तर धड पुढे झुकलंय. आणि कुणाकडून तरी आपली उंची मोजून घ्या. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त घट असेल तर एखादा मणका दबला असण्याची शंका घ्यावी, दुखत नसला तरीही.

एक सांगून ठेवते. वाकलेली प्रत्येक पाठ याच दुखण्याची नसते. ताप, घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्या देशात मणक्याचा टीबी आधी आठवायला हवा, आणि जुना कर्करोगही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पाठ ताठ होऊन वाकते, तिथे पाण्यापासून सुरुवात करावी लागते.

व्यायामाचं बोलू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपुरातलं मेयो रुग्णालय नव्हे) मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांवरचा अभ्यास छापला. ज्या बायका पाठ मागे नेण्याचे व्यायाम करत होत्या, त्यांच्यापैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत पुढे नवी मोडतोड दिसली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हा आकडा ८९ टक्के होता. अभ्यास लहान आहे, पण फरक केवढा! नागपूरला योगाचं वेड जुनं आहे; रामनगरच्या जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळामुळे इथे घराघरात कुणी ना कुणी आसनं शिकलेलं असतं. वर्गात बसण्याआधी शिक्षकाला आपला डेक्साचा रिपोर्ट सांगा. पश्चिमोत्तानासन, हलासन, उभं राहून पायांच्या अंगठ्यांना हात लावणं, ही ठिसूळ हाडांसाठी नाहीत. कितीही वर्षं केली असली तरी.

पण आमच्यासारख्यांची अडचण अशी की पाठ मागे नेली की पाय बोंबलतात. भुजंगासन केलं की पोटरीत कळ. म्हणून मॅडमनी मधली वाट काढून दिली. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपायचं आणि छाती फक्त उशीच्या पातळीपर्यंत उचलायची, त्याहून वर नाही. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब उचलायचे. हातापायांवर ओणवं राहून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. सुरुवातीला मला पालथं झोपून छाती उचलता येईना, नुसती मान वर यायची. 'तिथेच थांबा, श्वास घ्या, आज एवढंच,' असं त्या म्हणत. पाय दुखायला लागला की तो व्यायाम तिथल्या तिथे सोडायचा. पाठ थकली तर चालेल. या दोन दुखण्यांतला फरक कळायला मला बराच काळ गेला, आणि तो शिकवणारा माणूस समोर असेल तरच हे व्यायाम करावेत.

पुण्याला बी. के. एस. अय्यंगारांकडे शिकलेले अमेरिकेतले डॉ. लॉरेन फिशमन यांनी २०१४ मध्ये २५ रुग्णांना बाकाच्या फुगीर बाजूवर कुशीवर तोलून वसिष्ठासन करायला लावलं आणि बाक कमी झाल्याचं लिहिलं. व्यायाम न केलेला गट तुलनेला नव्हता, म्हणून मी त्यावर शपथ घेणार नाही. माझा बाक अंशानंही कमी झालेला नाही. पण कापायच्या टेबलाशी आता माझा उभ्यानं निभाव लागतो. टेबल मात्र मी सुताराकडून उंच करून घेतलं. कापताना कोपर सहज वाकेल एवढी उंची हवी. आपली टेबलं नि ओटे कुठल्या मापानं बनतात कोण जाणे. आणि चालायला एका काठीऐवजी दोन काठ्या घेते. एका काठीनं माणूस एका अंगाला झुकतो, दोन काठ्या जरा उंच धरल्या तर धड ताठ राहतं. लोक बघतात. बघू देत.

जेवणाकडे बघा. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास असतात, तेही त्या डाळीचं पातळ वरण सगळ्या घराला वाढलं नाही तर. घरातली बाई शेवटी जेवते तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं ते मी सांगायला नको. चणे, सोयाबीन, दही, अंडं, जे चालत असेल ते तिच्या ताटात आधी पडलं पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरला विचारूनच.

शस्त्रक्रियेला नावं ठेवायला मी बसलेली नाही. अमेरिकेत ४० ते ८० वयाच्या रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांचं दुखणं, न करणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांनी जास्त कमी झालेलं होतं. काहींना मात्र पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. नसांची वाट मोकळी करणं वेगळं आणि अनेक मणके स्क्रू-सळ्यांनी जोडणं वेगळं. आपल्याला नेमकं कोणतं सुचवलंय ते कागदावर लिहून मागा. स्क्रूनं कणा सरळ होतो, सुकलेला स्नायू परत येत नाही, आणि पाठ अशक्त असेल तर सगळ्यात वरच्या स्क्रूच्या वरचा मणका पुढे कलण्याचा धोका असतो. म्हणून तारीख मिळाल्यापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत व्यायाम, प्रथिनं आणि हाडांचं औषध चालू ठेवावं. खर्चाचं काय ते महात्मा फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

एका बाबतीत मात्र विचार करत बसायचं नाही. पाय अचानक लुळा पडला, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, लघवी अडकली किंवा नकळत होतेय, यातलं काहीही झालं तर खालच्या नसा एकदम दबल्यात असं समजा. असल्या वेळी तास मोजले जातात. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन लावा किंवा ऑटो करून मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा, आणि केसपेपर काढतानाच सांगा की लघवी बंद आहे. हे सांगायला बायका लाजतात.